बाळाची चौघडी

घरांत सुनेला सातवा महिना लागला म्हणजे दोन तजविजी बरोबरच सुरू होतात. एक डिंकाच्या लाडवांची आणि दुसरी जुन्या लुगड्यांची. पहिलीचें साहित्य बाजारांत मिळतें. दुसरीचें मिळत नाहीं, तें घरांतच असावें लागतें. बाळंतविड्यांत झबलीं, टोपडीं, लंगोट, कुंची, दुपटीं असें कितीही असलें, तरी हातानें शिवलेल्या गोधडीवांचून तो पुरा होत नाहीं, असें आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजूच्या वडीलधाऱ्या बायका अद्याप मानतात. ही गोधडी थोडक्या वेळांत, थोडक्या खर्चांत आणि पहिल्यानेंच सुई हातीं धरणारीलाही कशी साधेल, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

शिवणटिपण हा स्त्रियांचा प्रांत. त्यांत सेवानिवृत्त मास्तरानें कां शिरावें, असें कोणी विचारील. उत्तर एवढेंच कीं, मास्तराला मोजण्याची संवय असते. आमच्या घरच्या वृद्ध हातांना जें नकळत साधतें, तें मोजून मांडलें तर नव्या हातांना उपयोगीं पडेल.

प्रथम शब्दांकडे पाहूं. संस्कृतांत गोधडीला ‘कन्था’ म्हणतात. विरक्ताच्या अंगावरची ती हीच. बंगाल्यांतील सुप्रसिद्ध कांथा याच शब्दाचा वंशज होय. जुनीं धोतरें व साड्या एकावर एक घालून, साडीच्याच कांठांतून ओढून काढलेल्या दोऱ्यानें तिकडील बायका तो शिवीत. हिंदींत हिला गुदडी म्हणतात, आपल्या देशावर वाकळ म्हणतात, आणि बेळगांवाकडे कानडी मुलुखांत कौदी म्हणतात. आपल्या भाषेनें तर थरांचा हिशेबही नांवांतच नोंदून ठेविला आहे. दोन पदरी तें दुपटें, चार पदरी ती चौघडी. तान्ह्या बाळाला हवी ती चौघडीच.

ठिगळांचें वस्त्र हें दारिद्र्याचें लक्षण आहे, असा समज ज्यांचा असेल त्यांनीं विनयपिटकांतील महावग्गाची कथा आठवावी. मगध देशांतील बांधांनीं आंखलेलीं भाताचीं शेतें भगवान् बुद्धांनीं आनंदाला दाखविलीं आणि भिक्षूंचें चीवर या नमुन्याचें करतां येईल काय, असें विचारलें. आनंदानें तुकडे जोडून तसें चीवर सिद्ध केलें. आषाढांत लावणी झाल्यावर आमच्याकडील खाचरें उंचावरून पाहावीं, म्हणजे त्या प्रश्नाचा अर्थ तत्काळ कळतो. हिरव्या रंगाचीं लहानमोठीं ठिगळें आणि मध्यें बांधांची शिवण, असें तें दृश्य असतें.

आतां चारच पदर कां? देशावरच्या थंडींत आठ-दहा पदरांची जड वाकळ शोभते. आमची किनारपट्टी निराळी. येथें चैत्र-वैशाखांत घाम वाळत नाहीं आणि आषाढ-श्रावणांत कपडा वाळत नाहीं. जाड गोधडी एकदां भिजली कीं चार चार दिवस आंतून ओली राहते, तिला कुबट वास लागतो व बुरशी धरते. तान्ह्या मुलाची गोधडी दिवसांतून दोनदां भिजणार हें धरूनच चालावें. म्हणून एक जाड करण्यापेक्षां तीन पातळ कराव्या, म्हणजे एक अंगाखालीं, एक दोरीवर व एक घडींत राहते. पूर्वीं शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर बाळाचीं वस्त्रें वाळवीत. धूर तान्ह्याच्या श्वासाला अपायकारक असतो, म्हणून ती चाल सोडावी. पातळ चौघडी पंख्याच्या वाऱ्यावरही वाळते.

कापडाविषयीं एक नियम कधींही मोडूं नये. कापड सुती असावें आणि जुनें असावें. जुन्या कापडांतील खळ निघून गेलेली असते, धागा पुष्कळ धुण्यांनीं मवाळ झालेला असतो, आणि कच्चा रंग असल्यास तोही केव्हांच गेलेला असतो. नवजात मुलाला पहिले दिवस जुनेंच वस्त्र घालण्याची जी चाल आहे, तिच्या मुळाशीं हेंच शहाणपण असावें. हल्लीं सुतासारखें दिसणारें पण सूत नसलेलें कापड फार झालें आहे. संशय आल्यास कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो. तसलें कापड घाम शोषीत नाहीं, तें बाळाखालीं नको. रंगीत कापड नवें घ्यावेंच लागलें, तर ओल्या पांढऱ्या फडक्यानें घासून रंग उतरत नाहीं याची खात्री करावी.

येथें मूळ अडचण उपस्थित होते. नऊवारी सुती लुगडें रोजच्या वापरांतून जवळजवळ नाहींसें झालें आहे. आजी-पणजींचीं जीं पांचसहा लुगडीं ट्रंकेंत उरलीं आहेत तींच शेवटचीं. तीं कापावीं कीं जपावीं, यावर अनेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आजीची एवढीच खूण उरली, तिला कात्री कशी लावावी? दुसरा म्हणतो, आजीनें स्वतः तेंच केलें असतें. दोन्ही पक्षांची माया खरी आहे. परंतु ता. ३ जून १९२० नव्हे, २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलें, पोफळी आडव्या झाल्या, छप्परें उडालीं, तेव्हां आमच्या घरांतील जपून ठेवलेल्या कपड्यांची ट्रंक पावसाच्या पाण्यानें भरली. वापरांत असलेल्या गोधड्या धुऊन, वाळवून पुन्हा कामास आल्या. घडींत राहिलेलीं लुगडीं मात्र घडीवरच विरलीं. तेव्हांपासून माझें मत निश्चित झालें आहे. पैठणी, शालू हीं रेशमी वस्त्रें जपावीं; सुती लुगडें नातवंडा-पतवंडांच्या अंगाखालीं जावें. कसरीला देण्यापेक्षां बाळाला दिलेलें बरें. ज्यांचें मन घेत नसेल त्यांनीं पदर तेवढा काढून ठेवावा व बाकीचें कापावें, म्हणजे खूणही राहते आणि कामही होतें.

आतां हिशेब. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. लुगड्याचा पन्हा ४५ इंच धरला आणि ३२ इंचांचे तुकडे पाडले, तर दहा तुकडे निघतात. एका चौघडीस चार लागतात. म्हणजे एका लुगड्यांत दोन चौघड्या होऊन दोन तुकडे ठिगळांना उरतात. साडेपांच-सहा वारी सुती साडींत एक चौघडी सहज निघते.

कृति अशी. कापड साबणाच्या पाण्यांत उकळून, खळखळून धुऊन उन्हांत वाळवावें. उजेडासमोर धरून पाहावें. जेथें वीण विरळ झाली असेल तो भाग आंतल्या पदरांसाठीं ठेवावा. जरीचा कांठ असल्यास काढून टाकावा, तो बाळाला टोंचतो. वरचा व खालचा पदर ४२ इंच लांब व ३२ इंच रुंद कापावा. आंतले दोन ४० बाय ३० इंच कापावे. खालचा पदर चटईवर अंथरून, त्यावर आंतले दोन मधोमध ठेवून, वरचा पदर घालावा. प्रत्येक पदर घालतांना तळहातानें मध्यापासून कडेकडे सुरकुती काढीत जावें. चारी कोपऱ्यांवर वजनें ठेवावीं. मग मोठ्या कच्च्या टांक्यांनीं उभें, आडवें व दोन्ही तिरपें टांचून घ्यावें. हें टांचण्याचें काम आळसानें टाळलें, कीं शेवटीं गोधडीला पोट येतें.

नंतर वरच्या व खालच्या पदराची एकेक इंच कड आंतल्या पदरांवर मुडपून, दोन्ही कडा समोरासमोर आणून दोनदां शिवावी. तयार माप ४० बाय ३० इंच राहील. कडेची शिवण यंत्रावर मारली तरी चालेल. मधला धावदोरा मात्र हाताचा असावा. हाताच्या टांक्यानें कापड लवचीक राहतें. मधल्या रेघेपासून आरंभ करून, एकदां उजवीकडे व एकदां डावीकडे, इंच इंच अंतरानें लांबीच्या रेघा घालाव्या. अशा २९ रेघा होतात. प्रत्येक ४० इंचांची. म्हणजे एकूण ११६० इंच, सुमारें ३२ वार. कडांचे दोन फेरे सुमारें ८ वार. गांठी व टांक्यांची वळणें धरून पन्नास वार सुती दोरा पुरतो. एका रेघेला पाव तास धरला, तर सव्वासात तासांत धावदोरा पुरा होतो. रोज दुपारीं तासभर बसलें तर आठवड्याचें काम. दोघी समोरासमोर बसल्या तर चार दिवसांचें. जावा-जावांना एकत्र बसावयास इतकें निरुपद्रवी निमित्त दुसरें नाहीं.

गांठ नेहमीं पदरांच्या मध्यें लपवावी. कामाला बसतांना सुया व टांचण्या मोजाव्या आणि उठतांना पुन्हा मोजाव्या. हा नियम शाळेंतील हजेरीइतका कडक पाळावा. शोभेसाठीं रंगीत चौकोनी ठिगळें लावावीं. पण टिकल्या, आरसे, गुंड्या, लोंबते गोंडे मुळींच नकोत. मुलाच्या हातांतली वस्तु तोंडांत जाते.

वापरासंबंधीं डॉक्टरांचें म्हणणें घरांतील वडील मंडळींनीं आग्रह सोडून ऐकावें. एक वर्षाच्या आंतील मुलाला उताणें निजवावें, अंथरूण सपाट व टणक असावें, आणि झोंपेंत मुलाच्या तोंडाजवळ उशी, रजई किंवा सैल वस्त्र असूं नये. अमेरिकेंत १९९४ पासून मुलांना उताणें निजविण्याचा मोठा प्रचार झाला, आणि झोंपेंत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांचें प्रमाण पुढें सुमारें निम्म्यानें उतरलें. तेव्हां आपली चौघडी बाळाच्या अंगाखालीं ताणून अंथरावी, कडा गादीखालीं खोंचाव्या. तोंडावरून पांघरूं नये. मूल जागें असतां जमिनीवर खेळावयास, मांडीवर घ्यावयास, अंगाला तेल लावावयास ती मोकळेपणीं वापरावी. वर्ष उलटल्यावर ती पांघरूण होईल, आणि पुढें मूल ती स्वतःच सोडणार नाहीं.

या साध्या विद्येची जगांत किंमत होते हेंही सांगितलें पाहिजे. कारवारच्या डोंगराळ भागांतील सिद्दी बायका आपली ‘कवंदी’ कडेपासून आंत आंत शिवीत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घडीचें ‘फूल’ लावल्यावांचून ती पुरी समजत नाहींत. बिहारच्या सुजनी कामाला २००६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज बेंड नांवाच्या वस्तींतील नीग्रो वंशाच्या गरीब बायकांनीं कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्यें त्यांचें प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भरलें, आणि २००६ मध्यें त्यांवर टपालाचीं तिकिटें निघालीं. त्या बायकांनीं शिवल्या त्या आपल्या मुलांना ऊब मिळावी म्हणून. भिंतीवर टांगाव्या म्हणून नव्हे.

आज एकत्र कुटुंबाचीं माणसें मुंबई, पुणें आणि परदेशांत विखुरलीं आहेत. बाळंतपण दूरच्या प्रसूतिगृहांत होतें आणि बारशाचा निरोप दूरध्वनीवर येतो. आजीचा हात तेथवर पोंचत नाहीं, पण अर्धा शेर वजनाची चौघडी टपालानें पोंचते. ज्या घरांत हा टांका जाणणारी सत्तरीपुढची बाई असेल, तेथील मुलींनीं व मुलांनींही येत्या चातुर्मासांत तिच्यापाशीं बसून एक तरी चौघडी पुरी करावी. लुगडीं संपतील, तेव्हां जुन्या सुती साड्या, धोतरें, चादरी आहेतच. हात संपले तर मात्र त्यांच्या जागीं दुसरें कांहीं घालतां येत नाहीं.