आधी कर्नेल, मग बाकीचं

एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, नको ते ड्रायव्हर वगळून स्वतःचा कर्नेल बांधला, तरी खरी परीक्षा पुढची आवृत्ती आली की सुरू होते. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क त्याच्या ताब्यात. अपडेटचं तयार साधन ‘जेनेरिक’ हा सर्वसाधारण कर्नेल बदलून देतं. आपला मात्र नव्या सोर्सवरून आपणच बांधायचा.

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी नवा कर्नेल बसवायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा, मगच बाकीचे प्रोग्रॅम बदलायचे. नवा कर्नेल सहसा जुन्या प्रोग्रॅमची मागणी ओळखतो. जुन्या कर्नेलला मात्र नव्या प्रोग्रॅमच्या नव्या मागण्या, म्हणजे सिस्टीम कॉल, ठाऊकच नसतात. उलट केलं तर साध्या कमांडही अडू शकतात.

आपल्या कर्नेलची जुनी कॉन्फिग फाइल तशीच पुढे नेऊ नका. नव्या ‘जेनेरिक’च्या फाइलशी ओळीनं ओळ ताडून पाहा, कारण पर्यायांची नावं बदलतात, काही गळतात. ग्राफिक्सची बाहेरून घेतलेली मॉड्यूलंही नव्यानं बांधावी लागतात.

आधीचा कर्नेल ‘कर्नेल.ओल्ड’ म्हणून शिल्लक राहतो, ही सोय मला फार मोलाची वाटते. पण दुसऱ्यांदा बसवलं की तोही पुसला जातो. म्हणून चालणाऱ्या ‘जेनेरिक’ची एक प्रत वेगळ्या नावानं आधीच ठेवावी.