श्वास तोच, वाटा वेगळ्या

ओपीडीत रक्तदाब मोजून घेताना अनेकदा एक चर्चा रंगते. नवरा दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराहून नुकताच परतलेला असतो. बायको वर्षानुवर्षे नेमाने नामस्मरण करणारी. सोबत आलेली मुलगी ऑफिसातल्या ‘माइंडफुलनेस’च्या वर्गाला जाते. तिघांचा अनुभव ऐकला तर तो बराचसा सारखाच असतो. मन शांत वाटते, राग आला तरी लवकर ओसरतो, झोप बरी लागते. मात्र खरा मार्ग कोणता, यावर तिघांचे एकमत होत नाही. आणि उठता उठता नवरा हळूच विचारतो, ‘मग आता बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?’

वरवर साध्या वाटणाऱ्या या संवादात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. वेगवेगळ्या साधनापरंपरांतून येणारा अनुभव खरोखर एकच असतो का? आणि तो एकच असला, तर त्यातून नेमके काय सिद्ध होते?

‘स्वतः करून बघा’

पूर्वेकडच्या परंपरांचे तत्त्वज्ञान एकमेकांशी अनेक ठिकाणी भांडते. वेदान्त आत्मा मानतो, बौद्ध विचार अनात्म सांगतो. वारकऱ्याला भक्तीसाठी समोर विठ्ठल हवा असतो, झेन साधक भिंतीकडे तोंड करून नुसता बसतो. पण एका बाबतीत या साऱ्यांचे सूर जुळतात. ऐकीव गोष्टीवर थांबू नका, स्वतः करून बघा. पाली भाषेत धम्माला ‘एहिपस्सिक’ असे विशेषण आहे. ‘या आणि पाहा’ असा त्याचा अर्थ. पतंजलींनी अभ्यासाला महत्त्व दिले, तर आपल्या संतांनी नुसत्या शब्दज्ञानापेक्षा अनुभवाला मोठे मानले.

हा प्रयोग काहींनी अक्षरशः करून पाहिला. एकोणिसाव्या शतकात रामकृष्ण परमहंसांनी तंत्र, वैष्णव भक्ती आणि अद्वैत या साधना एकामागून एक केल्या. पुढे इस्लाम आणि ख्रिस्ती मार्गानेही काही काळ उपासना केली. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, हा त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. तो त्यांच्या अनुभवातून आलेला होता. विज्ञानाला मात्र इथे एक अडचण दिसते. एका माणसाचा अनुभव कितीही सच्चा असला, तरी दुसऱ्याला तो तपासता येत नाही. तपासता येतो तो शरीरावर उमटणारा त्याचा ठसा.

लोणावळ्यापासून टोकियोपर्यंत

हा ठसा शोधण्याची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत महाराष्ट्र आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजणारी साधने वापरून तपासले. योगावर बोलायचे तर मोजमापासह बोलायचे, ही शिस्त त्यांनी घालून दिली.

त्यानंतर मेंदूची पाळी आली. १९६१ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. बाळकृष्ण आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी चार योग्यांचा ध्यानस्थ अवस्थेतला मेंदूआलेख काढला. शांत, जाग्या माणसाच्या मेंदूत ‘अल्फा’ लहरी दिसतात आणि मोठा आवाज झाला की त्या क्षणभर मोडतात. या योग्यांसमोर प्रखर प्रकाश टाकला, मोठा आवाज केला, तरी ध्यानात असताना त्यांच्या अल्फा लहरी मोडल्या नाहीत.

१९६६ मध्ये जपानमधील कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वेगळेच चित्र दिसले. आवाज झाला की साधकाच्या लहरी मोडत आणि लगेच पूर्ववत होत. तोच आवाज पुन्हा पुन्हा केला, तर सामान्य माणसाच्या मेंदूला त्याची सवय होते आणि प्रतिसाद थंडावतो. मुरलेल्या झेन साधकाचा मेंदू मात्र प्रत्येक आवाज पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा प्रतिसाद देत राहिला.

म्हणजे योगी बाहेरच्या जगाचे दार लावून घेतो आणि झेन साधक ते सताड उघडे ठेवतो. तत्त्वज्ञानातला फरक मेंदूतही दिसला, असे अनेकांना वाटले. पण १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी वेगवेगळ्या पद्धतींच्या साधकांवर हीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा असा ठळक फरक आढळला नाही. त्या सुंदर कथेवर प्रश्नचिन्ह लागले. विज्ञानाचा हा धडा साधकांनीही लक्षात ठेवावा असा आहे. एकदा दिसले म्हणजे सिद्ध झाले असे नसते.

सगळे जण श्वासापाशी भेटतात

मग समान काय आहे? सर्वांत ठोस उत्तर श्वासात सापडते.

विपश्यना शिबिराच्या पहिल्या तीन दिवसांत नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा असतो. झेनमध्ये नवख्या साधकाला एक ते दहा श्वास मोजायला सांगतात. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथातही श्वास मोजण्याची रीत आहे. योगात प्राणायाम आहे, चीनच्या ताओ परंपरेत श्वास सूक्ष्म करण्याचा सराव आहे. जप करणारा श्वासाकडे मुद्दाम पाहत नाही, पण लयीत नाम घेताना त्याचा श्वास आपोआप त्या लयीला बांधला जातो.

हे २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या एका अभ्यासात छान दिसले. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना आळीपाळीने दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि दुसरा ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र. भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. एरवी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो.

सहा या आकड्यात जादू नाही, शरीरशास्त्र आहे. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत रक्तदाबावर नजर ठेवणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचा वेग कमी करतो. या यंत्रणेची स्वतःची एक लय आहे, साधारण दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात. झोका नेमक्या क्षणी ढकलला की उंच जातो, तसा हा प्रतिसाद जोमदार होतो. शिवाय श्वास सोडताना व्हेगस या चेतातंतूचा प्रभाव वाढतो आणि नाडी किंचित मंदावते. मन शांत झाल्यासारखे वाटते, त्यामागे हे सारे असते. हृदय प्रार्थनेचा धर्म विचारत नाही.

मेंदूबाबतही असाच एक दुवा आहे. आपण काही करत नसतो तेव्हा मन भटकते आणि बहुधा स्वतःभोवतीच घुटमळते. तो काय म्हणाला, माझे कसे होणार, मी तेव्हा असे का वागलो? या भटकंतीशी मेंदूतील काही भागांचे एक जाळे जोडलेले आहे. २०११ मध्ये येल विद्यापीठातील जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी अनुभवी साधकांना तीन निरनिराळ्या पद्धतींनी ध्यान करायला सांगितले. एकाग्रता, मैत्रीभावना आणि येईल ते नुसते पाहणे. तिन्ही पद्धतींत या जाळ्याच्या मुख्य केंद्रांची लगबग नवशिक्यांपेक्षा कमी होती. ‘मी’ची पकड सैल होते, असे परंपरा आपापल्या शब्दांत सांगत आल्या आहेत. त्याच्याशी जुळणारी ही नोंद आहे. अभ्यास लहान होता, हेही सांगायला हवे.

दोन बाण

बौद्ध साहित्यात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला झालेल्या वेदनेचा. दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आकांताचा. साधकाला पहिला चुकत नाही, दुसरा मात्र टाळता येतो.

२०११ मध्ये फादेल झैदान यांच्या गटाने या दृष्टान्ताच्या जवळ जाणारा प्रयोग केला. १५ निरोगी व्यक्तींच्या पोटरीला सोसवेल इतका पण वेदनादायक चटका दिला आणि मेंदूचे स्कॅन केले. मग त्यांना चार दिवस, रोज २० मिनिटे, श्वासावर लक्ष ठेवण्याचे साधे ध्यान शिकवले. त्यानंतर ध्यान करत असताना तोच चटका दिला, तेव्हा वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी, तर तिचा त्रासदायकपणा ५७ टक्क्यांनी कमी नोंदवला गेला. त्रास हा तीव्रतेपेक्षा जास्त घटला, हे महत्त्वाचे. दुसरा बाण बोथट होतो तो असा.

अनुभव खरा, अर्थ कोणता?

इथपर्यंत सगळे जुळले. पण पुढचे पाऊल जपून टाकावे लागते. शरीराचा प्रतिसाद सारखा आहे, म्हणजे त्यामागचे तत्त्वज्ञानही एकच आहे, असे म्हणता येत नाही. गाढ शांततेत ‘मी’ विरघळल्याचा अनुभव वेदान्ती साधक ब्रह्माशी एकरूपता म्हणून सांगेल. बौद्ध साधक त्यालाच ‘मी मुळात नव्हताच’ याचा पुरावा मानेल. भक्त म्हणेल, देव भेटला. मेंदूआलेख यांतल्या कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही आणि कोणाला खोटेही ठरवत नाही. अनुभव ही घटना आहे, तिचा अर्थ ही परंपरेने दिलेली भाषा आहे.

अनुभवाने आजार बरा होतो का, हा त्याहून निकडीचा प्रश्न. सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते तीव्र अर्धशिशीने हैराण होऊन. विकार बरा करण्यासाठी ही साधना नाही, असे गुरूंनी त्यांना आधी बजावले होते. डोकेदुखी पुढे ओसरली, पण ते साधनेचे उद्दिष्ट नव्हते. हेच गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले.

उलट बाजूची उदाहरणेही डोळ्यांसमोर ठेवावीत. रमण महर्षींच्या डाव्या हातावर कर्करोगाची गाठ झाली. त्यावर अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या आणि १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज १९८१ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. दोघांच्याही अखेरच्या दिवसांतल्या शांतपणाबद्दल पाहणाऱ्यांनी भरभरून लिहिले आहे. पहिला बाण त्यांनाही लागला होताच.

मोठ्या आढाव्यांचा कौलही असाच मोजका आहे. २०१४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ने ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार व्यक्तींचा आढावा छापला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाच्या उपयोगाचा मध्यम प्रतीचा पुरावा दिसला. औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. २०२२ च्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांमध्ये आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम एसिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला. पण तो कार्यक्रम प्रशिक्षित शिक्षकांचा होता आणि घरी रोज पाऊण तास सराव अपेक्षित होता.

ध्यानाचे दुष्परिणामही असतात. २०२० मध्ये ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे ८ टक्के साधकांना त्रास झाल्याचे आढळले. अस्वस्थता, चिंता आणि उदासी यांचे प्रमाण त्यात अधिक होते. ज्यांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा मोठा मानसिक आघात होऊन गेला आहे, त्यांनी दीर्घ मौन शिबिराला जाण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांशी बोलावे आणि शिबिरात आजार लपवू नये.

मग करायचे काय?

सुरुवात अगदी साधी करता येते. पाठ ताठ, पण ताणलेली नको. खुर्चीवर बसले तरी चालते. रोज दहा मिनिटे श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि तितकाच, किंवा थोडा अधिक वेळ लावून सोडावा. श्वास कोंडायचा नाही, ओढूनताणून काही करायचे नाही. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर थांबावे, छातीतले दुखणे थांबले नाही तर लगेच रुग्णालय गाठावे. मन भटकणारच. ते भटकल्याचे लक्षात आले की परत श्वासावर यायचे. कोणी हेच नाम घेत करेल, कोणी मोजत, कोणी नुसते पाहत.

आणि बीपीच्या गोळीचे? संथ श्वसनाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, म्हणून साधना चालू ठेवावी आणि गोळीही चालू ठेवावी. दाब काही आठवडे घरी मोजून वहीत लिहावा. आकडे सातत्याने खाली आले, तर डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. मधुमेहाची, फिटची किंवा नैराश्याची औषधे तर स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नयेत. ‘स्वतः करून बघा’ हे तत्त्व इथेही लागू पडते. फक्त इथे पाहण्याचे साधन रक्तदाबमापक आहे, आणि तो काय दाखवतो ते प्रामाणिकपणे वहीत उतरवायचे आहे.

मार्ग कोणाचा खरा, यावर त्या घरातली चर्चा चालू राहील, राहू द्यावी. तिघांनी सकाळी दहा मिनिटे एकत्र बसून आपापल्या पद्धतीने साधना केली, तरी तिघांचा श्वास संथ होईल. गोळी मात्र नाश्त्यानंतर वेळेवर घ्यावी.