आरोग्यसंस्थांतील परिवर्तन-नेतृत्व

आरोग्यसंस्थांतील परिवर्तन-नेतृत्व : रुग्णालये, प्रसूतिगृहे, प्राथमिक आरोग्य केंद्रे इ. संस्थांमधील रूढ कार्यपद्धती बदलून तेथे अधिक सुरक्षित व परिणामकारक पद्धती रुजविण्याच्या हेतुपूर्वक कार्यास ही संज्ञा लावतात. नव्या औषधाचा वा उपकरणाचा शोध हा या कार्याचा विषय नव्हे. जे ज्ञान उपलब्ध आहे, ते प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत, प्रत्येक पाळीत व प्रत्येक हातून आचरणात यावे, हे त्याचे उद्दिष्ट होय. उपाय ठाऊक असूनही तो अंगवळणी न पडल्यामुळे रुग्ण दगावल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आढळतात आणि म्हणूनच या विषयास केवळ व्यवस्थापनशास्त्रापुरते महत्त्व नाही.

स्वरूप : कारखाना किंवा कचेरी यांच्या तुलनेने आरोग्यसंस्थांमध्ये बदल घडविणे अवघड असते. तेथे अधिकाराच्या दोन उतरंडी एकाच वेळी अस्तित्वात असतात. प्रशासनाची उतरंड अधीक्षकापासून खाली येते, तर उपचारविषयक निर्णय वैद्यांच्या व्यावसायिक अधिकारात असतात. अधीक्षकाचा आदेश शल्यचिकित्सकाच्या हाताला वळण लावू शकतोच असे नाही. परिचारिका रुग्णाजवळ सर्वाधिक काळ असतात, तथापि वरिष्ठ वैद्याची चूक दिसली तरी ती बोलून दाखविण्याची मुभा त्यांना परंपरेने नसते. निवासी वैद्य ठराविक मुदतीनंतर बदलतात, त्यामुळे शिकविलेली पद्धत त्यांच्याबरोबर निघून जाते. शिवाय चुकीचा परिणाम बहुधा लगेच दिसत नाही. न धुतलेल्या हातामुळे झालेला जंतुसंसर्ग काही दिवसांनी प्रकट होतो आणि कारण व परिणाम यांचा संबंध डोळ्याआड राहतो.

इतिहास : या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात घडली. तेथील पहिल्या प्रसूतिविभागात वैद्यकाचे विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुइणी शिक्षण घेत. पहिल्या विभागात प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू दुसऱ्याहून कितीतरी अधिक होते. इग्नाट्स झेमेलव्हाइस (१८१८–६५) या हंगेरियन वैद्याने ताडले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या हातांवाटे दूषित द्रव्य मातांच्या शरीरात जाते. मे १८४७ मध्ये त्याने विरंजक चूर्णाच्या विद्रावाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्युमान जूनमध्ये सु. २ टक्क्यांपर्यंत उतरले.

इतके निर्विवाद यश मिळूनही ही पद्धत टिकली नाही. झेमेलव्हाइसने आपले निष्कर्ष दीर्घकाळ स्वतः प्रसिद्ध केले नाहीत. वैद्यांचे हातच मृत्यूस कारण आहेत, हे विधान अनेकांना अपमानकारक वाटले. पुढे त्याने विरोधकांवर खुल्या पत्रांतून कठोर आरोप केले आणि उरलीसुरली सहानुभूती गमावली. १८५० मध्ये त्याने व्हिएन्ना सोडले. त्याचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निदान अचूक होते, परंतु ज्यांच्या हातून बदल व्हावयाचा त्यांची संमती त्याला मिळविता आली नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी वेगळा मार्ग अनुसरला. क्रिमियन युद्धात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांतील अनुभवानंतर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंची कारणवार आकडेवारी जमविली आणि ती आकृत्यांच्या रूपाने १८५८ मध्ये मांडली. प्रतिबंध करता येण्याजोग्या रोगांनी युद्धातील जखमांपेक्षा अधिक बळी घेतले, हे त्यांतून राज्यकर्त्यांना एका दृष्टिक्षेपात कळले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू करून त्यांनी नवी पद्धत व्यक्तीवर अवलंबून न ठेवता शिक्षणात गुंफली.

सैद्धांतिक विचार : कुर्ट ल्यूइन (१८९०–१९४७) या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये परिवर्तनाच्या तीन अवस्था सांगितल्या : रूढ स्थिती शिथिल होणे, स्थित्यंतर आणि नव्या स्थितीचे दृढीकरण. आरोग्यसंस्थांत तिसऱ्या अवस्थेकडे बहुधा दुर्लक्ष होते. डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग (१९००–९३) यांनी उद्योगक्षेत्रात प्रचारात आणलेले योजना, कृती, अभ्यास व सुधारित कृती हे चक्र पुढे रुग्णालयांतही वापरले जाऊ लागले. डॉनल्ड बर्विक या अमेरिकन बालरोगतज्ञांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले की, दोषी व्यक्ती हुडकून काढण्याने गुणवत्ता वाढत नाही. भीतीमुळे माणसे चुका लपवितात. कार्यपद्धतीतील दोष शोधणे हाच सुधारणेचा मार्ग होय.

आधुनिक प्रयोग : झेमेलव्हाइसचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही शिल्लक होता. जिनीव्हा विद्यापीठाच्या रुग्णालयांत दिदिए पिते व त्यांचे सहकारी यांना आढळले की, अतिशय कामाच्या वेळी नळापर्यंत जाऊन हात धुण्यास परिचारिकांना सवडच नसते. त्यांनी प्रत्येक खाटेजवळ अल्कोहॉलयुक्त विद्राव ठेवला, भित्तिपत्रके लावली व निरीक्षणाचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना वेळोवेळी कळविले. १९९४ ते १९९७ या काळात हातांच्या स्वच्छतेचे पालन ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयात उद्‌भवणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १९९८ पर्यंत १६·९ टक्क्यांवरून ९·९ टक्क्यांवर आले. परिचारिकांच्या वर्तनात स्पष्ट सुधारणा झाली. वैद्यांचे पालन मात्र अल्पच राहिले.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ मध्ये अतिदक्षता विभागांत एक उपक्रम सुरू झाला. मोठ्या नीलेत नळी घालताना पाळावयाचे पाचच नियम निवडण्यात आले. हात धुणे, निर्जंतुक आवरणे वापरणे, त्वचा क्लोरहेक्सिडीनाने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील नीला टाळणे व अनावश्यक नळी काढून टाकणे, हे ते नियम होत. त्यांत नवीन असे काही नव्हते. परंतु सर्व साहित्य एकाच गाड्यावर ठेवले गेले, नियम मोडला जात असेल तर तातडीचा प्रसंग वगळता वैद्यास थांबविण्याचा अधिकार परिचारिकांना मिळाला आणि संसर्गाचे आकडे विभागांना नियमितपणे कळविले गेले. दीड वर्षात दर हजार नळी-दिवसांमागील संसर्गाचे सरासरी प्रमाण ७·७ वरून १·४ वर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासणी सूची प्रसृत केली. अतुल गवांदे या अमेरिकन शल्यचिकित्सकांचा, ज्यांचे वडील मूळचे विदर्भातील, या कार्यात प्रमुख वाटा होता. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण १·५ टक्क्यांवरून ०·८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात हीच सूची १०१ रुग्णालयांत अंमलात आल्यानंतर मृत्यू वा गुंतागुंती यांत लक्षणीय घट झाली नाही, असे २०१४ मधील अभ्यासात दिसून आले. रुग्णालयांनी कळविलेले पालन मात्र जवळजवळ पूर्ण होते. सूचीवर खूण करणे आणि शस्त्रक्रियागृहातील सर्वांनी क्षणभर थांबून परस्परांशी बोलणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा अर्थ अनेक अभ्यासकांनी यावरून लावला.

भारतातील अनुभव : उत्तर प्रदेशात प्रसूतीसाठीची तपासणी सूची व तिच्या जोडीला कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष मार्गदर्शन, असा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्गदर्शन चालू असताना विहित कृतींचे पालन तुलनेच्या केंद्रांहून बरेच वाढले. ते संपल्यावर काही अंशी घटले. माता व अर्भक यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. कौशल्य, औषधे, रक्तपुरवठा व मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याची सोय यांची उणीव केवळ आचरणातील सुधारणेने भरून निघत नाही, असे यावरून मानावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने कामाच्या वाटणीतच बदल केला. नवजात अर्भकांच्या जंतुदोषावर केवळ रुग्णालयात वैद्यानेच उपचार करावेत, ही समजूत बाजूस सारून ३९ गावांतील स्त्रियांना निदान, नोंदी व प्रतिजैविकाची सुई टोचणे यांचे शिक्षण देण्यात आले. या स्त्रियांच्या कामावर नियमित देखरेख होती आणि प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली जाई. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युमान सु. ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम सुरू केला.

नेतृत्वाची कार्ये : वरील उदाहरणांवरून या क्षेत्रातील नेत्याची काही कार्ये निश्चित करता येतात. बदल थोडक्या व स्पष्ट कृतींत मांडणे. योग्य कृती करणे हेच सोपे ठरेल अशी साहित्याची रचना करणे. परिणामांचे मोजमाप करून ते काम करणाऱ्यांपुढेच ठेवणे. कनिष्ठास वरिष्ठाला थांबविण्याचे अभय देणे. आणि स्वतः निघून गेल्यावरही पद्धत चालू राहील अशी तिची सांगड शिक्षण, नेमणूक व पर्यवेक्षण यांच्याशी घालणे, ही ती होत. यांतील अभय देण्याचे कार्य सर्वांत कठीण आहे, कारण त्यात नेत्याला स्वतःच्याच अधिकाराचा काही भाग सोडावा लागतो. आदेशाने कागद भरतात. परंतु रात्रीच्या पाळीत, कोणी पाहत नसताना, खाटेजवळची परिचारिका व निवासी वैद्य जे करतात, त्यावरूनच परिवर्तन झाले की नाही हे ठरते.