धीर वेगळा, पराक्रम वेगळा

2020 च्या संक्रांतीला दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाच्या वेळी माझा सत्कार करायचं बायकांनी ठरवलं. शाल, नारळ, आणि फळ्यावर रंगीत खडूने ‘आमची रणरागिणी’. मी नको म्हटलं. दोघीतिघी रागावल्याही.

मला कॅन्सर झालेला नव्हता. तो होऊ नये म्हणून आदल्या वर्षी मी दोन्ही स्तन काढून घेतले होते. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते.

आता हे कशासाठी, ते सांगते. आपल्या पेशींत बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही दोन जनुकं असतात. पेशीतला डीएनए तुटला की तो सांधायचं काम त्यांचं. त्यातलं पहिलं सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 मध्ये दाखवलं. ह्या जनुकात जन्मतःच बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण सत्तरजणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. हा दोष मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी. आणि तो वडिलांकडूनही येतो, हे आपण विसरतो. आत्या, आजी यांचं आजारपण कुणी मोजतच नाही. पण घाबरून जाऊ नका, स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी असे आनुवंशिक पाच ते दहाच.

आमच्या घरी आई गेली, मग मावशी बीजाशयाच्या कर्करोगाने गेली. मावसबहिणीला एकोणचाळिसाव्या वर्षी गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आमची वंशावळ काढली. तपासणीत मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींमध्ये तो दोष सापडला.

ऑपरेशनने धोका नव्वद टक्क्यांहून अधिक घटतो, शून्य होत नाही. छातीची त्वचा बधिर होते. विमा कंपनीने विचारलं, “आजार कुठला?” आजार नाही म्हटल्यावर पैसेही नाहीत.

14 मे 2013 रोजी अँजेलिना जोली या अभिनेत्रीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहून हेच ऑपरेशन केल्याचं जाहीर केलं. डॉक्टरांनी तिला 87 टक्के धोका सांगितला होता. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. जगाने तिला वीरांगना म्हटलं. मला तो शब्द तिच्या बाबतीत पटतो, पण ऑपरेशनसाठी नाही. ते तिने स्वतःसाठी, मुलांसाठी केलं. रूपावर जिचा धंदा, तिने ही गोष्ट झाकून न ठेवता अनोळखी बायकांसाठी सांगितली, तो पराक्रम. आमच्या भागातल्या मृणालताई गोरे दुसऱ्यांच्या पाण्यासाठी, घरांसाठी लढल्या, तुरुंगात गेल्या. मी काय केलं? भीती वाटली म्हणून पळवाट शोधली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी मुलाच्या दप्तराला कव्हरं घालत बसले होते, कारण हात थरथरत होते आणि ते कुणाला दिसायला नको होते. फार तर धीर म्हणा.

आणि धीराचंही कौतुक जपून करावं. आईला गाठ लागली ती 1997 च्या दिवाळीत. माझी दहावी होईपर्यंत, म्हणजे मार्च 1998 पर्यंत, तिने कुणाला सांगितलं नाही. 2000 मध्ये ती गेली. “किती धीराची बाई!” असं दहाव्याला आलेला प्रत्येकजण म्हणाला. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. तिने दिवाळीतच रडून घर डोक्यावर घेतलं असतं, तर कदाचित वाचली असती.

बहिणीने ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं. तोही वैद्यकशास्त्राला मान्य असलेला मार्ग आहे: वर्षातून एकदा एमआरआय, एकदा मॅमोग्राफी. त्याने रोग टळत नाही, लवकर कळतो. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशन घ्यावं, म्हणजे कुठला मार्ग आपल्याला झेपेल ते समजतं. आम्ही दोघींनीही ते घेतलं आणि उत्तरं वेगळी आली.

तिचा सत्कार करायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. उलट एक काकू मला म्हणाल्या, “तिला जरा समजाव, तुझ्यासारखी शूर हो म्हणावं.” माझी भीती एका सकाळी भूल देऊन बरीचशी काढून टाकली. ती मात्र आपली भीती दरवर्षी नव्याने तारीख घेऊन तपासायला जाते. मी तिच्याबरोबर गोरेगावहून गाडी पकडते. येताना आम्ही वडापाव खातो, नवऱ्यांची उणीदुणी काढतो. रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवस ती माझाही फोन उचलत नाही.