‘शीतपुरवठा’ आणि अनुमतीची परिभाषा

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर येथे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा क्षेत्रात एकाच केंद्रात पाणी थंड करून ते उष्णतारोधक नळांवाटे अनेक इमारतींना पुरवावयाचे, तर अनुमती कोणती लागेल? गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत अशी यंत्रणा उभी आहे; तेव्हा प्रश्न यंत्राचा नसून संज्ञेचा आहे. नळातून पाणी वाहते, पण विकला जातो तो थंडावा.

वीजवितरणास २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार ‘अनुज्ञप्ती’ लागते; परंतु थंडावा म्हणजे वीज नव्हे. शीतकरण मनोऱ्याचे सांडपाणी बाहेर सोडावयाचे, तर १९७४ च्या जलप्रदूषणविषयक अधिनियमाखाली ‘संमती’ हवी. बांधकामास नियोजन प्राधिकरणाची ‘परवानगी’ निराळीच. बोलण्यात हे तिन्ही शब्द समानार्थी ठरतात. विधिभाषेत मात्र प्रत्येकामागे वेगळे प्राधिकरण उभे असते.

संमती आणि परवानगी दोन्ही मिळाल्या, तरी थंडाव्याचा दर कोणी ठरवावा आणि भर उन्हाळ्यात पुरवठा तुटल्यास दाद कोठे मागावी, हे त्यांतून निष्पन्न होत नाही. ‘पाणीपुरवठा’, ‘वीजपुरवठा’ हे सामासिक शब्द रूढ झाले. ‘शीतपुरवठा’ अद्याप झालेला नाही. ज्या वस्तूस स्वतंत्र नाव नाही, तिचे नियमन परक्या नावांखाली तुकड्यातुकड्यांनी होते. परिभाषा ही केवळ कोशकारांची बाब नव्हे, ती ग्राहकाच्या हक्काचीही बाब आहे.