घर पुण्यात, घरमालक दुबईत

कोथरूडमधील सदनिका, मालक दुबईत नोकरीला आणि भाडेकरू एखादा शिक्षक अथवा बँकेतील कारकून, हे चित्र पुण्याला आता नवे राहिलेले नाही. भाडे दरमहा 25,000 रुपये. दुबईत पगारावर कर नाही, तेव्हा या भाड्यावरही तो नसावा, असा पुष्कळ मालकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. स्थावर मालमत्ता ज्या देशात, त्या देशाला तिच्या उत्पन्नावर कर बसविता येतो. मालक कोठेही राहो.

मालक अनिवासी ठरतो तो दिवसांच्या गणतीवरून. परदेशी नोकरी करणारा भारतीय नागरिक आर्थिक वर्षात 182 दिवसांहून कमी काळ भारतात राहिला, तर तो सामान्यतः अनिवासी. पण खरी गोम भाडेकरूच्या बाजूस आहे. मालक निवासी असेल तर नोकरदार भाडेकरूला मासिक भाडे 50,000 च्या वर गेल्याखेरीज कर कापावा लागत नाही. मालक अनिवासी असला की ही मर्यादाच नाहीशी होते. 30 टक्के कर व त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 25,000 मधून 7,800 रुपये त्याने दरमहा कापून सरकारजमा करावयाचे. न कापल्यास ती रक्कम व्याजासह त्याच्याकडून वसूल होऊ शकते. ज्याचा स्वतःचा कर कार्यालय पगारातून परस्पर कापून घेते, त्या कारकुनाला कायद्याने येथे करवसुली अधिकारी नेमले आहे, तेही बिनपगारी!

गंमत पुढेच आहे. वर्षाच्या 3 लाख भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट गेली की 2,10,000 उरतात. मालकाला भारतात अन्य उत्पन्न नसेल तर एवढ्यावर करच बसत नाही. म्हणजे भाडेकरूने वर्षभरात 93,600 रुपये कापावयाचे आणि मालकाने विवरणपत्र भरून ते परत मागावयाचे. कमी दराने कपातीचा दाखला मिळू शकतो. पण त्यासाठी मालकाने अर्ज करावयास हवा, आणि कपात झालीच नाही तर अर्जाची घाई त्याला कशाला असेल?

ब्रिटनमध्येही परदेशस्थ मालकाला थेट भाडे देणाऱ्यावर कपातीची जबाबदारी आहे, मात्र भाडे आठवड्याला 100 पौंडांहून अधिक असेल तरच. मालकाने आधी मंजुरी मिळविली, तर करखाते भाडेकरूला तसे लेखी कळविते. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार नोंदणीकृत असणे सक्तीचे केलेलेच आहे. मालकाने आपला निवासी-अनिवासी दर्जा त्याच करारात लिहून द्यावा आणि लहान भाड्यांना येथेही किमान मर्यादेचे संरक्षण असावे, एवढी सोय 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्याबरोबर करता आली असती.