पाय पाहणाऱ्याची शिकवणी

जंक्शनात गाडी उभी राहिली की तपासनीस हातोडीने चाके ठोकून पाहत असे. तडा कोठे आहे हे त्याचा शिकलेला कान सांगे. माणसाच्या पायाकडे असे कोण पाहतो?

अमेरिकेत पायाच्या वैद्याला स्वतंत्र पदवी व परवाना असतो; पुढील शिक्षणाचे तास भरल्यावाचून बहुतेक राज्यांत तो परवाना नवा होत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र परवाना नाही. पायाची जखम घेऊन आपण नेहमीच्या डॉक्टरांकडेच जातो. म्हणून त्यांचे शिक्षण चालू राहणे हाच आपला आधार.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांना दर ५ वर्षांत ३० तासांचे असे शिक्षण सांगितले. महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरणही ५ वर्षांनीच करावे लागते.

हे तास कशासाठी? मधुमेहात तळवा बधिर होतो. खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी पाय कापावा लागतो. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्यास टेकवला, की ही बधिरता थोड्या वेळात ओळखता येते. फार पूर्वी पदवी घेतलेल्यास हे पुढील शिक्षणातूनच कळणार.

केवळ हजेरी म्हणजे ज्ञान नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. यास्तव थोडा भार आपणही उचलावा. मधुमेह असेल त्याने पुढच्या खेपेस पायताण काढून विचारावे, “डॉक्टरसाहेब, तळवा पाहता का?”